हळदीत पहिल्यांदा डीजे लावायचाय, तयारी कशी करू? (गुहागर)

नवखा_गुहागर
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात चुलतभावाच्या हळदीला वाजवायचं ठरलंय. घरी हेडफोनवर मिक्स बरे जमतात, पण समोर माणसं असताना कधी वाजवलेलं नाही. सामान असं: डीडीजे-एफएलएक्स४ (गाणी मिसळायचा कंट्रोलर), विंडोज लॅपटॉप, रेकॉर्डबॉक्स (डीजेचं सॉफ्टवेअर). साउंड मंडपवाल्याचा, म्हणजे दोन टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर), दोन बेस (खालच्या सुरांचे), अ‍ॅम्पची रॅक आणि जनरेटर. अंगणाला चिऱ्याचा गडगा (जांभ्या दगडाची कुंपणाची भिंत) आहे, माणूस शंभर-सव्वाशे. वेळ ७ ते १०.
अडतंय ते असं. त्यांच्या मिक्सरला माझा कंट्रोलर कसा जोडू? कोळीगीतं एकमेकांत बसतच नाहीत, सॉफ्टवेअर भलताच बीपीएम (मिनिटाला ठोके) दाखवतं, ते का? गाण्यांचा क्रम कसा लावू? आणि माइकवर बोलावं लागलं तर काय काळजी घेऊ?

चिपळूणचा_साउंडवाला
जोडणीपासून सुरू करू.

एफएलएक्स४ला मास्टर आउट फक्त आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची जोडणी) आहे. आरसीए अनबॅलन्स्ड असते (बाहेरची गडबड रोखत नाही), तीन-चार मीटरच्या पुढे नेलीस की हम (गुणगुण) पकडते, त्यात शेजारून जनरेटरची केबल गेली असेल तर हमखास. म्हणून मंडपवाल्याचा मिक्सर तुझ्याच टेबलावर घे आणि एक-दीड मीटरची आरसीए वापर. तिथून पुढे अ‍ॅम्पपर्यंत एक्सएलआर (तीन पिनांची बॅलन्स्ड केबल). मिक्सर लांबच ठेवायचा असेल तर मध्ये स्टिरिओ डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी) लाव. पिशवीत तीन केबली असू देत: आरसीए ते आरसीए, आरसीए ते दोन ६.३५ मिमी मोनो जॅक, आरसीए ते दोन एक्सएलआर मेल. आयत्या वेळी गावात यांतली एकही मिळत नाही.

मिक्सरच्या लाइन इनपुटलाच लाव, माइकच्या एक्सएलआरला नाही. माइकचा प्रीअ‍ॅम्प अगदी क्षीण सिग्नलसाठी असतो, कंट्रोलरचा सिग्नल त्यात घातलास की गेन शून्यावर असला तरी फाटतो. माइक इनपुटशिवाय दुसरा पर्यायच नसेल तर पॅडचं (सिग्नल कमी करणारं) बटण दाबायचं आणि ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) बंद आहे ना ते पाहायचं.

बरेच मंडपवाले सिस्टीम मोनोच चालवतात आणि एकच वायर मागतात. फक्त डावी दिलीस तर ज्या गाण्यात एखादं वाद्य उजवीकडेच आहे ते गायब होतं. दोन्ही वायरी दोन चॅनलला लाव आणि दोन्हीचे पॅन (डावं-उजवं करायचे नॉब) मधोमध ठेव. वाय-केबलने दोन आउटपुट एकत्र बांधू नकोस, दोन आउटपुट एकमेकांवर लोड टाकतात.

आता गेन. फेडर (आवाजाची सरकपट्टी) पूर्ण वर, तिन्ही ईक्यू (बेस-मधले-वरचे सूर कमीजास्त करायचे नॉब) मधोमध. गाण्यातला सर्वात जोराचा भाग वाजव आणि ट्रिम (चॅनलच्या पातळीचा नॉब) असा लाव की मीटरचे हिरवे दिवे संपून पहिला नारिंगी लागता लागता राहील. मास्टरवर लाल कधीच नाही. मग मिक्सरचा चॅनल ० डीबीच्या खुणेवर, आणि आवाज किती हवा ते अ‍ॅम्पच्या नॉबवर सर्वात शेवटी. एकदा हे बसलं की रात्रभर आवाज वाढवायची जागा तुझा कंट्रोलर नव्हे. लालमध्ये गेलास की लहरीचे माथे सपाट होतात. त्यातून वरच्या पट्टीतले जादा सूर तयार होतात, सरासरी पॉवरही वाढते, आणि टॉपमधल्या ड्रायव्हरचा डायफ्राम आधी उडतो. लोकांना वाटतं मोठ्या आवाजाने उडाला. उडतो तो फाटलेल्या आवाजाने.

जुनी गाणी नव्या रिमिक्सपेक्षा बऱ्याच कमी आवाजात रेकॉर्ड झालेली असतात. रेकॉर्डबॉक्समधला ऑटो गेन चालू ठेव आणि तरीही प्रत्येक गाणं हेडफोनवर घेताना मीटर बघ. फाइल ३२० केबीपीएसची घे. युट्यूबवरून उतरवलेली फाइल मोबाइलवर चालून जाते, पण टॉपवर झांज आणि हार्मोनियम चिरकतात.

दोन्ही बेस शेजारी-शेजारी जमिनीवर ठेव. अंगणाच्या दोन टोकांना ठेवलेस तर कुठे छातीत धडधडतं आणि कुठे काहीच नाही, अशा पट्ट्या पडतात. टॉप डोक्यांच्या वर आणि थोडे खाली झुकवलेले. गडग्याकडे तोंड करून ठेवू नकोस, चिरा आवाज परत फेकतो आणि शब्द कळत नाहीत. क्रॉसओव्हर (बेस आणि टॉपमध्ये सूर वाटायची सीमा) १०० हर्ट्झच्या आसपास, आणि ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापायला मंडपवाल्याला सांग. तो भाग फारसा ऐकू येत नाही, वूफर (बेसमधला स्पीकर) मात्र दमतो.

खाडीपलीकडे
अलिबागकडून. कोळीगीतांचं सांगतो, कारण यात पोरं फसतात ती कान कमी म्हणून नव्हे, सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवतात म्हणून.

आपली बरीच कोळीगीतं आणि हळदीची गाणी सहा मात्रांच्या चालीत आहेत. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. पाय पडतात ते एकवर आणि चारवर. समज पाय मिनिटाला १०० वेळा पडतो. मग बारीक मात्रा झाल्या ३००. सॉफ्टवेअर बहुतेक चार-चारच्या गाण्यांच्या हिशेबाने मोजतं. ते त्या बारीक मात्रा तीन-तीनऐवजी दोन-दोनच्या जोडीने धरतं आणि दाखवतं १५०. कधी उलट होऊन ६७ पण येतो. आकडा पायापेक्षा दीडपट किंवा दोन तृतीयांश आला की समजायचं हीच भानगड आहे.

याचा त्रास फक्त आकड्यापुरता नाही. १५०च्या ग्रिडवर (सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणांवर) चार बीटचा लूप मारलास, म्हणजे तेवढाच तुकडा फिरवत ठेवलास, तर त्यात आठ बारीक मात्रा येतात. सहाच्या चालीत आठ बसत नाहीत, दर फेरीला ठेका लंगडतो आणि नाचणारे थांबून एकमेकांकडे बघतात. ग्रिड १०० केलंस की चार बीटमध्ये बारा मात्रा येतात, म्हणजे सहाची दोन पूर्ण आवर्तनं. लूप गोल फिरतो.

दुरुस्ती अशी. गाणं उघड, डोळे मिटून पायाने ठेका धर, टॅपचं बटण १६ वेळा त्या ठेक्यावर दाब. आलेला आकडा लिही. मग पहिली ठळक थाप शोध (गाण्याची सुरुवात नाही, थाप), तिथे डाउनबीट (आवर्तनाच्या एकची खूण) टाक. मध्यावर जा, ग्रिड थापेवर आहे का बघ, शेवटी जाऊन परत बघ. जुन्या रेकॉर्डिंगात वाजवणारे माणसं होते, क्लिक लावून वाजवलेलं नाही. सुरुवातीला ९८ असलेलं गाणं शेवटी १०३ला गेलेलं असतं. अशी गाणी रेकॉर्डबॉक्समध्ये निवडून त्यांचं विश्लेषण डायनॅमिक मोडवर परत करून घे. साध्या मोडला एकच स्थिर ठेका धरून चालायची सवय आहे.

आणि सर्वात महत्त्वाचं: सहाच्या चालीतलं गाणं आणि चारच्या चालीतलं गाणं यांचे ठेके एकमेकांवर चढवू नकोस. बीपीएम तंतोतंत जुळले तरी एकात एका पावलात तीन मात्रा आहेत आणि दुसऱ्यात चार. नुसता गोंधळ ऐकू येतो. इथे बदल कापूनच करायचा. जुन्या गाण्याची ओळ संपते त्या शेवटच्या शब्दावर एको (प्रतिध्वनी), फेडर खाली, आणि पुढच्या मोकळ्या एकवर नवीन गाणं पूर्ण आवाजात. किंवा ज्या नव्या गाण्याची सुरुवात नुसत्या आवाजाने किंवा सनईने होते ते निवड, म्हणजे ठेके भिडतच नाहीत. माझ्या मते हळदीच्या डीजेला लांबलचक मिक्सपेक्षा हा एक स्वच्छ काप जास्त यायला हवा.

नवखा_गुहागर
खूप आभार. आत्ताच तपासलं, चार गाणी १४०च्या वर दिसत होती, टॅप केल्यावर ९५च्या आसपास निघाली. मग सिंकचं (दोन गाण्यांचे ठेके आपोआप जुळवणारं) बटण वापरूच नको का?

रेवदंड्याची_ताई
वापर की. क्लबची, हिंदी रिमिक्सची, मशीनवर बनवलेली गाणी असतील तर सिंक बिनधास्त वापर. त्यातून वाचलेलं लक्ष माणसांकडे दे. सिंक काम करतो तो ग्रिडवर. ग्रिड चुकीचं तर सिंकही चुकीचा. म्हणून आपल्या जुन्या गाण्यांना सिंक नको, एवढंच.

खाडीपलीकडे
ताई, इथे थोडं वेगळं मत आहे. सुरुवातीचे काही महिने सिंक बंद ठेवूनच सराव करावा. ग्रिड चुकलंय हे ऐकू यायला कान तयार लागतो, आणि तो सिंक चालू ठेवून तयार होत नाही. कार्यक्रमाच्या रात्री वापरायला हरकत नाही.

रेवदंड्याची_ताई
सरावापुरतं मान्य. पण त्याच्या हातात एक महिना आहे, आणि त्या महिन्यात ऐंशी गाण्यांची ग्रिड नीट करणं हे जास्त उपयोगाचं काम आहे.

हाताने जुळवणार असशील तर एक गोष्ट लक्षात ठेव. आवाज दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. तुझं टेबल टॉपपासून दहा मीटर मागे असेल तर समोरचा आवाज तुला २९ मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमधल्या गाण्याला तू त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवतोस आणि समोर दोन थापा पडतात. यावर दोन उपाय: टेबलाजवळ एक छोटा मॉनिटर स्पीकर माग, किंवा हेडफोनचा मिक्स नॉब मधोमध करून दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकून जुळव. एफएलएक्स४ला मॉनिटरसाठी वेगळं आउटपुट नाही, त्यामुळे मॉनिटर मंडपवाल्याच्या मिक्सरच्या ऑक्समधून (जादा आउटपुटमधून) घ्यावा लागेल. आधी सांगून ठेव.

वेग बदलताना सहा टक्क्यांच्या आत राहा आणि मास्टर टेम्पो (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) चालू ठेव. १०० चं १०६ कुणाला कळत नाही, ११५ केलंस तर गायिकेचा आवाज लगेच वेगळा लागतो.

तारतंत्री
विजेचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मंडपात सामान जळतं ते बहुतेक वेळा न्यूट्रल (करंटची परतीची तार) सुटल्यामुळे. थ्री-फेज जनरेटर असेल आणि न्यूट्रलचा स्क्रू ढिला असेल तर एका फेजवर २३० ऐवजी ३००-३५० व्होल्ट येऊ शकतात. तुझा लॅपटॉप लावण्याआधी मंडपवाल्याच्या वायरमनला मल्टिमीटर लावायला सांग. फेज-न्यूट्रल २२० ते २४०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. न्यूट्रल-अर्थ जास्त दिसलं तर थांब आणि कारण शोधून घे. लाइट चालू करून परत एकदा मोजायला लाव, कारण ढिला न्यूट्रल लोड आल्यावरच उघडा पडतो.

कंट्रोलर, लॅपटॉप, मिक्सर आणि अ‍ॅम्प सगळे एकाच फेजवर, एकाच अर्थवर. लाइट, शार्पी (फिरत्या झोताचे दिवे) आणि धुराचं मशीन दुसऱ्या फेजवर. लाइट लावताच स्पीकरमधून टरटर येत असेल तर फेज एकच आहे. ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर ती ग्राउंड लूप, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडली गेलीय. त्यावर उपाय डीआय बॉक्सचं ग्राउंड-लिफ्ट बटण. प्लगची अर्थची पिन काढणं हा उपाय नाही. गुणगुण जाते, पण बॉडीत करंट उतरला तर तो तुझ्या हातातून जमिनीत जाणार, आणि अंगण ओलं असेल तर जगायला वेळ मिळत नाही. बाहेरच्या बोर्डाला ३० मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा. नसेल तर हट्ट धर.

जनरेटर ७.५ केव्हीएचा म्हणजे साधारण ६ किलोवॅट. त्यावर साडेचार किलोवॅटच्या वर टाकू नका. बेसची थाप पडली की लाइट मिचमिचताना दिसले तर व्होल्टेज पडतंय, लोड कमी करा. वायर २.५ चौरस मिमीची घ्या. १६ अ‍ॅम्पियरला तीस मीटरवर ८-९ व्होल्ट पडतात, ते चालतं. १ चौरस मिमीच्या वायरने तेवढ्याच अंतरावर वीसच्या वर पडतात आणि वायर तापते ती वेगळीच. रीळ असेल तर पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेल्या रिळात उष्णता कोंडते आणि आवरण वितळतं. डिझेल सुरुवातीलाच भरून घ्या, चालू जनरेटरमध्ये ओतायला कुणाला देऊ नका.

मालवणी_माणूस
खाऱ्या वाऱ्याची गजाल ऱ्हवली मां. बाबा, लॅपटॉप आनि कंट्रोलर उघड्यार ठेवू नको. दर्याचो दमट वारो फेडरात शिरता, वांगडा वाळू जाता, आनि मगे फेडर सरकवलो की खरखर येता. वाजवन झाला की सुक्या फडक्यान पूस, कव्हर घाल, बॅगेत सिलिका जेलच्यो दोन पुड्यो घाल. खरखर लागलीच तर फेडरासाठी मिळता तो क्लीनर मार, घरातला तेल नको. एसी गाडीतसून भायर काढलेलो लॅपटॉप लगेच चालू करू नको, आतमधे दव धरता. अर्धो तास तसोच ऱ्हवांदे.

रेवदंड्याची_ताई
आता क्रम. हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तीन तासांत एकच चढ ठेव. सातला माणसं येत असतात, चहा-सरबत, गावातल्या आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या गाठीभेटी. त्या वेळी दोन माणसांना न ओरडता बोलता आलं पाहिजे. जुनी मराठी, भावगीत नाही पण हलकी ठेक्याची, ८५ ते १००. इथेच जोराचं गाणं टाकलंस तर नाचायला कुणी नसतं, आणि नऊला तेच गाणं शिळं झालेलं असतं. तुझी सगळ्यात हमखास दहा गाणी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव आणि साडेआठच्या आधी त्याला हात लावू नकोस.

हळद लावण्याच्या वेळी बायका स्वतः गातात. रायगडात आगरी-कोळी घरांत धवलारीण (लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई) धवले, म्हणजे ती गाणी, म्हणते. तेव्हा डीजे पूर्ण बंद. कमी नाही, बंद. माइक तिच्याकडे द्यायचा असतो. तुझ्याकडे गुहागरात रीत वेगळी असेल, घरातल्या मोठ्या बाईला आधी जाऊन विचार: कोणत्या वेळी थांबू, कोणतं गाणं पहिलं हवं, देवाचं कोणतं लावू. हे यजमान पुरुषांना विचारून कळत नाही. शिमग्याच्या दिवसांत कार्यक्रम असेल आणि पालखी वाडीत आली तरी हाच नियम, ढोल ऐकू आला की फेडर खाली.

पहिली नाचतात ती मुलं. त्यांना हाकलू नकोस, त्यांच्यासाठी दोन-तीन गाणी लाव. मुलं नाचली की आया येतात, आया आल्या की आत्या-मावश्या येतात. पोरगे सर्वात शेवटी येतात आणि सर्वात जास्त फर्माइशी करतात. म्हणून नवख्याला वाटतं की गर्दी म्हणजे टेबलाला टेकलेले सहा पोरगे. तसं नाही. बायकांचा घोळका रिकामा झाला की दहा मिनिटांत अंगण रिकामं होतं.

दर अर्ध्या मिनिटाला मान वर. मधल्यांकडे पाहू नकोस, ते कशावरही नाचतात. कडेला उभे असलेल्यांचे पाय बघ. पाय हलत असतील तर पुढचं गाणं याच जातीचं. पाय थांबून मोबाइल बाहेर आले तर ३२ बीटच्या आत बदल, म्हणजे गाण्याच्या पुढच्या कडव्याच्या तोंडाशी. मधेच तोडायचं नाही. आठ-आठ बारचे (चार बीटचा एक बार) तुकडे मोजायची सवय घरी लाव, मराठी-हिंदी गाण्यांत मुखडा-अंतरा बहुधा त्याच मापाने बदलतो.

एक गाणं दीड ते दोन मिनिटं. मुखडा, एक अंतरा, परत मुखडा, पुढे. तीन तासांत शांत भाग धरून ऐंशी-नव्वद गाणी लागतील, जवळ दीडशे तयार ठेव. प्रत्येकात हॉट क्यू (बटण दाबताच गाणं जिथे उडी घेतं त्या खुणा): अ म्हणजे पहिली थाप, ब म्हणजे मुखडा, क म्हणजे बाहेर पडायची जागा. सगळ्या गाण्यांत अक्षरांचा हाच अर्थ ठेव, म्हणजे घाईत बोट चुकत नाही.

कोळीगीतांचा गठ्ठा पाच-सहा गाण्यांचा एकत्र लाव, मग हिंदी. एक कोळीगीत-एक हिंदी असं आलटून पालटून केलंस तर सहाच्या आणि चारच्या चालीत दर दोन मिनिटांनी पाय बदलायला लागतात, लोक दमतात. वर खाडीपलीकडे यांनी सांगितलेले कापही तेवढेच कमी लागतात.

फर्माईश आली की मोबाइलवर लिही आणि सांग, "तीन गाण्यांच्या आत लावतो." चालू गाणं तोडून लगेच लावायचं नाही. घरचा कार्यक्रम आहे, शब्द अचकट-विचकट असलेलं गाणं कुणीही मागितलं तरी नाही. यजमानांचं नाव पुढे कर, वाद होत नाही.

चिपळूणचा_साउंडवाला
ताईंच्या पोस्टला पुस्ती. रिकाम्या अंगणात आवाज तपासताना वरची पट्टी कर्कश वाटेल. ती खूप कापून टाकू नकोस. माणसं भरली की अंगं आणि कपडे वरचा आवाज खातात. नऊ वाजता मंद वाटलं तर मंडपवाल्याच्या मिक्सरवर ट्रेबल दोन डीबी वर, आवाज तेवढाच.

वाळूवरचा_मांडव
आवाजाच्या मर्यादेवर. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सणासाठी १२ पर्यंत सवलत देता येते, ते दिवस जिल्हाधिकारी कार्यालय जाहीर करतं. खासगी हळद त्यात आपोआप बसत नाही. परवानगी पोलिस ठाण्यातून लेखी घे. जवळ शाळा किंवा दवाखाना असेल तर तेव्हाच सांग.

लोक "७५ डेसिबल चालतं" म्हणतात ते अर्धवट आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे ६५. आणि खासगी जागेच्या हद्दीवर फक्त ५ जास्त, म्हणजे ६०.

नवखा_गुहागर
गडगा स्पीकरपासून बाराच मीटर आहे. ६० मध्ये नाचता येईल का?

वाळूवरचा_मांडव
एका बाजूला स्पीकरची भिंत उभी करून सगळीकडे आवाज फेकलास तर नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. तीन मीटरवर ९५ असेल तर सहावर ८९, बारावर ८३. म्हणजे मर्यादेच्या खूप वर. उलट हिशेबाने बारावर ६० हवे असतील तर तीन मीटरवर ७२ येतात, ती बोलण्याची पातळी झाली. नाचायचा आवाज ठेवून हा आकडा गडग्यावर बसत नाही, हे स्पष्टच सांगतो. तुझ्या हातात आहे ते मर्यादेपेक्षा जास्तीचा हा फरक जमेल तितका कमी करणं.

त्यासाठी दोन मोठ्या टॉपऐवजी चार छोटे माग. नाचायच्या जागेच्या चार कोपऱ्यांना, तोंड आत आणि खाली. माणूस स्पीकरपासून दोन-तीन मीटरवर येतो, त्यामुळे आत ८५ मध्ये भरल्यासारखं वाटतं आणि बाहेर बरंच कमी जातं. बेस एकच, घरांपासून लांबच्या बाजूला. मोजणीचं यंत्र ए-वेटिंगवर (माणसाच्या कानाच्या हिशेबाने मोजायची पद्धत) बेस कमी मोजतं, पण शेजाऱ्याच्या भिंतीतून जातो तो बेसच. तक्रार नेहमी त्याचीच येते. रात्री हवा खालून थंड होते तेव्हा आवाज जमिनीलगत लांब जातो, त्यामुळे सातला चाललं ते साडेनऊला पलीकडच्या वाडीत ऐकू येतं. साडेनऊनंतर बेस तीन डीबी खाली.

९:५० पासून वेग उतरव, शेवटचं गाणं असं निवड की ९:५८ ला आपोआप संपेल. दहाला चालू गाणं तोडावं लागलं की लोक "एकच, एकच" करतात आणि मग सांभाळणं कठीण.

पुढे किनाऱ्यावर काम आलं तर टॉपची तोंडं समुद्राकडे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे रात्री वाळूवर लाइट आणि लेझर लावायचेच नाहीत. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी वस्तीकडे चालू लागतात. रिसॉर्टच्या तिकिटाच्या पार्टीला गाण्यांचा परवाना लागतो, तो आयोजकाने काढलाय का ते आधी विचार. लग्नाच्या समारंभातल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये सूट आहे.

चिपळूणचा_साउंडवाला
लेझरबद्दल अजून एक. थेट डोळ्यात गेला तर पडदा भाजतो, आणि मोबाइलचा कॅमेराही कायमचा जातो. मंडपवाला फुकट देतो म्हणाला तरी माणसांच्या उंचीवर लावू देऊ नकोस.

माइकचं विचारलं होतंस. माइक मंडपवाल्याच्या मिक्सरला लाव, तुझ्या कंट्रोलरला नाही, म्हणजे लॅपटॉप बंद पडला तरी घोषणा चालू राहते. १०० हर्ट्झच्या खालचं कापायचं बटण दाब. तू टॉपच्या मागे उभा राहा. जाळी मुठीत धरू नकोस, मूठ धरली की माइकला मागचाही आवाज ऐकू येतो आणि शिट्टी वाजते. तोंडापासून चार बोटं. बोलताना गाणं अर्ध्यावर उतरव, वाक्य संपल्यावर मगच वर. आणि थोडंच बोल: नवरदेव आला, जेवण सुरू झालं, गाडी काढा. ओळ गाऊन दाखवणं लोकांवर सोड.

खाडीपलीकडे
लॅपटॉप. अपडेट थांबव, वायफाय आणि ब्लूटूथ बंद, नोटिफिकेशन बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. बफर (आवाजाचा आगाऊ साठा) २५६ सॅम्पल ठेव, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंद. टिकटिक आली तर ५१२ कर, बोटाला फरक जाणवत नाही. यूएसबी केबल लॅपटॉपला थेट, हबमधून नको, आणि टेबलाच्या पायाला सैल बांध. कुणाचा तरी पाय अडकतोच.

नवखा_गुहागर
शेवटचं विचारतो. मधेच जनरेटर बंद पडला तर काय क्रमाने करायचं?

तारतंत्री
सर्वात आधी अ‍ॅम्पचे स्विच बंद, मास्टर खाली. वीज परत येताना पहिला धक्का येतो तो उघड्या अ‍ॅम्पमधून स्पीकरला बसतो. लाइटचे स्विचही बंद, म्हणजे जनरेटर रिकामा सुरू होईल. सुरू झाल्यावर दोन मिनिटं मीटर बघा, व्होल्टेज स्थिर झालं की आधी लॅपटॉप-कंट्रोलर, मग मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प. लाइट त्यानंतर एक-एक. रात्री सामान बंद करताना उलटा क्रम, अ‍ॅम्प पहिला.

लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहील आणि एफएलएक्स४ यूएसबीवर चालतो, त्यामुळे तुझं गाणं हरवत नाही. मिक्सरसाठी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो. अ‍ॅम्प त्यावर लावू नकोस.

रेवदंड्याची_ताई
आणि त्या पाच मिनिटांत गप्प बसू नकोस. अंधारात बायका टाळ्यांवर फुगडी धरतात, गाणं त्याच म्हणतात. तेव्हा त्यांचा वेग बोटाने टॅप करून ठेव. वीज आली की त्यांची ओळ पूर्ण होऊ दे, आणि त्याच वेगाचं, सहाच्याच चालीतलं गाणं कमी आवाजात सुरू करून हळूहळू वर आण. मोबाइलमध्ये ३.५ मिमीच्या केबलसह एक तासाचा तयार मिक्स ठेव आणि ती केबल मिक्सरच्या रिकाम्या चॅनलला आधीपासून लावून ठेव. लॅपटॉप उठायला वेळ लागला तर तेवढा वेळ तो चालेल.